सांजावचे कोपेल



डोक्यावर घागर घ्यायची तर आधी चुंबळ लागते, हे आपल्या जोयडा तालुक्यातल्या मुलांना सांगायला नको. जुन्या लुगड्याची पट्टी पिळायची, गोल वळायची, टोक आत खोचायचे, की झाली चुंबळ. आता अशी कल्पना करा की ही चुंबळ कापडाची नसून वेलीची आहे आणि तिच्यावर सगळीकडून पाने, फुले, एखादे बिंबल, एखादी लाल मिरची खोचली आहे. हे झाले कोपेल. दर वर्षी २४ जूनला गोव्यातील ख्रिस्ती बांधव ते डोक्यावर घालून, घुमट वाजवीत, भर पावसात घरोघर फिरतात. त्या सणाला सांजाव म्हणतात. घाटावर, आपल्या बाजूला राहणारी ख्रिस्ती कुटुंबेही हा सण पाळतात आणि त्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात.

यंदाच्या कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कोपेल घेतले आहे. खरे तर ते मागच्या वर्षीही घेतले होते. तेव्हा जे घडले त्यामुळेच हा पाठ इतका सविस्तर लिहावा लागत आहे. ती हकिकत पुढे येईलच.

नव्या जावयाचा सण

पालकांच्या सभेत एका पालकांनी विचारले होते, मराठी शाळेत सांजाव कशासाठी? प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना उलट विचारले, दिवाळसण कशासाठी? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला सासरी बोलावतात, अभ्यंगस्नान घालतात, ओवाळतात, आहेर करतात. अधिक महिना आला की पुन्हा जावयाला बोलावून अनारसे देतात. सांजावलाही नेमके हेच असते. लग्नानंतरच्या पहिल्या सांजावला नवा जावई बायकोसह सासरी येतो. सासू त्याच्या डोक्यावर कोपेल ठेवते. त्याला फणस, अननस, आंबे अशा हंगामी फळांची भेट मिळते. वाड्यावरचे तरुण त्याला मध्ये घेऊन गात नाचत विहिरीकडे नेतात. थोडक्यात, नव्या जोडप्याचे कौतुक करण्याचा हा दिवस. त्याच सुमारास, ज्येष्ठाच्या पौर्णिमेला, आपल्याकडे वटपौर्णिमा असते. तिथे वडाभोवती सूत गुंडाळतात, इथे डोक्याभोवती वेल. दोन्हीकडे मनातले बोलून न दाखवता हातांनी काहीतरी गुंफायचे असते.

फेब्रुवारीत दुकानांतून लाल कागदाची आणि थर्माकोलची हृदये टांगलेली दिसतात. मोठ्या वर्गातली मुले ती दप्तरात लपवून आणतात आणि आम्ही ती जप्त करतो. जप्त करून फारसे काही साधत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्याला आपल्या माणसासाठी काही करून द्यावेसे वाटते, त्याला ते स्वतःच्या हाताने करता आले, तर ते विकत आणलेल्या थर्माकोलपेक्षा बरे, एवढे आमचे मत आहे.

सांजाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतला. ‘सांव जुआंव’ म्हणजे संत जॉन, येशूला बाप्तिस्मा देणारा योहान. २४ जून हा त्याचा जन्मदिवस मानतात. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात अशी कथा आहे की, येशूची आई मारिया आपल्या नात्यातल्या अलिशिबेला भेटायला गेली. अलिशिबेच्या पोटात तेव्हा योहान होता. मारियेचा आवाज कानी पडताच पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. सांजावला विहिरीत उडी मारतात ती या उडीची आठवण म्हणून. विहीर म्हणजे आईचे उदर, असे जाणकार समजावून सांगतात.

तारीख २४ जूनच का, याचेही उत्तर त्याच कथेत आहे. येशूच्या जन्माची चाहूल लागली तेव्हा अलिशिबेला सहावा महिना होता. नाताळ २५ डिसेंबरला धरला, की योहानाचा जन्म त्याआधी सहा महिने, म्हणजे जूनच्या अखेरीस येतो. आता हाच काळ वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा. तुम्ही भूगोलात वाचलेच आहे की २१ जूनच्या सुमारास सूर्य कर्कवृत्तावर असतो. युरोपात तेव्हा भर उन्हाळा आणि फुलांचा बहर असतो. त्यामुळे तिकडे या सणाला शेकोट्या पेटवतात आणि रानफुलांची कडी करतात.

स्वीडनमध्ये मुली अशी कडी डोक्यावर घालतात. तिथे एक गंमतीची समजूत आहे. त्या रात्री सात प्रकारची फुले उशाखाली ठेवून निजले, की होणारा नवरा स्वप्नात दिसतो म्हणे. लाटव्हियात पुरुष ओकच्या पानांचे कडे घालतात आणि बायका फुलांचे. पोलंड आणि युक्रेनमध्ये मुली आपले कडे नदीत सोडतात, कधी त्यात मेणबत्तीही लावतात, आणि ते कुठे वाहत जाते त्यावरून लग्नाचा अंदाज बांधतात. पोर्तुगालमधील पोर्तो शहरात आपल्या तुळशीच्या जातीतले एक बारीक पानांचे रोप कुंडीत लावून, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचून आवडत्या माणसाला देतात. तुळशीला असा मान दुसरीकडेही मिळतो हे वाचून आम्हाला मौज वाटली.

हा सण पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. पण इथले २४ जूनचे हवामान निराळे. मृग संपून आर्द्रा लागलेल्या असतात, विहिरी भरू लागलेल्या असतात, लाकूड ओले असते. तिकडच्या शेकोटीला इथे मोल उरले नाही आणि तिच्या जागी भरलेली विहीर आली. तारीख तीच राहिली, ऋतू बदलला आणि सणाने आपले रूप बदलले. उत्तर गोव्यात शिवोली येथे तर सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. कोपेल मात्र टिकले, कारण पावसाने सगळीकडे हिरवे झालेलेच असते.

‘कोपेल’ या शब्दाचीही गंमत सांगितली पाहिजे. कोकणीत कोपेल म्हणजे लहान देऊळवजा प्रार्थनास्थळ, ज्याला इंग्रजीत चॅपेल म्हणतात. मग डोक्यावरच्या कड्यालाही तेच नाव कसे? मूळ पोर्तुगीज शब्द ‘कापेला’. त्या भाषेत त्याचे दोन्ही अर्थ आहेत, प्रार्थनामंदिर आणि फुलापानांचे कडे. दोन्ही अर्थ समुद्र ओलांडून आले आणि कोकणीत एकाच शब्दात राहिले.

आपल्या तालुक्याचे आणि गोव्याचे नाते जुने आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तोपर्यंत कॅसलरॉक हे ब्रिटिश आणि पुढे भारताच्या हद्दीतले शेवटचे रेल्वे स्थानक होते. तिथून पुढे पोर्तुगीजांचा मुलूख. हद्द होती तरी माणसे, मीठ, नारळ आणि सोयरिकी घाट चढत उतरत राहिल्या. पुढे काळी नदीवर सुपा धरण झाले. १९८७ मध्ये ते पूर्ण झाले तेव्हा जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तिथली अनेक कुटुंबे रामनगरला आली. परसातली अबोली, अनंत, केळी सगळे मागे राहिले. नव्या जागी लोकांनी ते पुन्हा लावले. तेव्हा मुलांनो, परसातले फूल तोडताना आजीला विचारून तोडा. ती रोपे कुठून कुठे आली आहेत हे तिलाच ठाऊक असते.

मागच्या वर्षीची चूक

मागच्या वर्षी आम्ही सहावीच्या मुलांना एवढेच सांगितले होते की, ‘येताना मिळतील ती पाने, फुले, फळे घेऊन या.’ मुले उत्साहाने पिशव्या भरून घेऊन आली. कोपेले सुंदर झाली. एका मुलीने पिवळ्या कण्हेरीची घंटेसारखी फुले आणि तिची हिरवी, त्रिकोणी फळे लावली होती. सर्वांत देखणे तेच होते आणि आम्हीच त्याला पहिला नंबर दिला. संध्याकाळी घरी तिच्या तीन वर्षांच्या भावाने त्यातले एक फळ तोडून तोंडात घातले. आईचे वेळीच लक्ष गेले म्हणून ते चावण्याआधी बाहेर काढता आले. तरीही त्या पोराला रात्रभर इस्पितळात देखरेखीखाली ठेवावे लागले. देवाच्या कृपेने त्याला काही झाले नाही.

पिवळ्या कण्हेरीच्या बीमध्ये हृदयाची गती बिघडवणारे विष असते. लहान मुलाच्या जिवाला एखाद-दुसरे फळही पुरते. हे झाड कुंपणाला, शाळेच्या आवारात, देवळापाशी सर्रास लावलेले असते. आम्हाला ते विषारी आहे हे अगदीच ठाऊक नव्हते असेही नाही, पण पिशवीत काय आले आहे ते आम्ही पाहिले नाही. चूक त्या मुलीची नव्हती. ती आमची होती. विश्वस्त मंडळापुढे आम्ही हे जसे घडले तसे सांगितले. उपक्रम बंद करावा असे काहींचे म्हणणे पडले. त्या मुलीच्या आईनेच सांगितले की, बंद करू नका, झाडे ओळखायला शिकवा.

म्हणून यंदा पहिला तास गुंफण्याचा नाही, झाडे ओळखण्याचा आहे. पुढील झाडांपैकी काहीही कोपेलात चालणार नाही. पिवळी, लाल आणि पांढरी कण्हेर, तिन्ही विषारी. कळलावी, म्हणजे पावसाळ्यात फुलणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची वेल. तिच्याकडे पाहिले की हात पुढे जातोच, पण तिचा कंद आणि इतर सर्व भाग अतिशय विषारी आहेत. धोतरा, एरंडाच्या बिया, लाल-काळ्या गुंजा आणि काजऱ्याची नारिंगी फळे. गुंज दिसायला मण्यासारखी, म्हणून मुले ती खिशात ठेवतात. अख्खी गुंज कठीण सालीची असते, पण फुटलेली किंवा चावलेली गुंज घातक. घाणेरीही नको. तिच्या काट्यांनी कपाळावर ओरखडे उठतात आणि कच्ची फळे विषारी असतात.

दुसरा गट चिकाच्या झाडांचा. शेर, निवडुंग आणि रुई यांचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणाऱ्या घरांनीही हे ध्यानात ठेवावे. माळ करताना डोळे चोळू नयेत, हात लगेच धुवावेत. बिब्ब्याच्या झाडाला तर हातच लावू नये, अंगावर फोड येतात. शोभेच्या क्रोटनची रंगीत पाने कोपेलात फार खुलतात आणि गोव्यात ती पुष्कळ वापरतात. मात्र त्यांच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून पाने तोडून, देठ धुऊन, पुसून मगच घ्यायची.

पालकांनीही एक लक्षात ठेवावे. मुलाने विषारी काही खाल्ल्याचा संशय आला, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये, घरगुती औषध करीत बसू नये. तोंडातले काढून टाकावे आणि ज्या झाडाचा भाग खाल्ला त्याची डहाळी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. डहाळी पाहून डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते. डोळ्यांत चीक गेला तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटे तरी डोळ्यावर सोडावी आणि मग डॉक्टरांकडे न्यावे.

आणखी एक गोष्ट. पाने-फुले आपल्या किंवा शेजाऱ्याच्या परसातलीच आणायची, रानातली नाही. आपल्या तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प म्हणून तो जाहीर झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून पानफूलही काढता येत नाही. शिवाय जूनमध्ये रानात जळवा असतात आणि ओल्या पाचोळ्यात साप दिसत नाही. परसातल्या आंब्याच्या डहाळीवरही तांबड्या मुंग्यांचे घरटे नाही ना, ते आधी पाहावे.

तयारी

कोपेल बांधायला आम्ही तार वापरत नाही. तार गंजते, टोक कपाळाला किंवा डोळ्याला लागते, आणि कोपेल वाळले तरी ती कुजत नाही. आपल्याकडे केळीचा दोर आहे. अबोलीचे वळेसर करणाऱ्या बायका फुले याच दोराने बांधतात.

घड काढून झाल्यावर केळ तोडतातच. तिच्या खोडाच्या बाहेरचे सोपट काढून घ्यावे. त्याच्या उभ्या पट्ट्या करून दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर वाळवाव्या. जूनच्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते, म्हणून चुलीजवळच्या दांडीवर टांगाव्या. वापरण्याआधी अर्धा तास पाण्यात भिजवून, नखाने तीन-चार मिलिमीटर रुंदीचे दोर फाडावे. कोरडा दोर तुटतो, फार ओला निसटतो. भिजवून काढल्यावर फडक्याने एकदा टिपला की नेमका होतो. मागच्या वर्षी आम्हाला शिकवायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या आजी दोर गालाला लावून पाहत. गार लागला पण ओल आली नाही, की बरोबर. आम्ही ही युक्ती करून पाहिली. जमते.

कड्यासाठी गुळवेल उत्तम. ती लवचीक असते, मोडत नाही, आणि परसातल्या आंब्यावर किंवा कुंपणावर बहुतेकांकडे असते. पेन्सिलीपेक्षा बारीक, कोवळी नाही आणि जुनीही नाही अशी वेल निवडावी. पाने काढून टाकावी. गुळवेल न मिळाल्यास काथ्याची दोरी तिपदरी विणून घेतली तरी चालते, फक्त कडे जरा मऊ होते.

पानांत आंब्याची कोवळी तांबूस पाने, नेचे, कर्दळीची पाने फाडून केलेल्या पट्ट्या, धुतलेले क्रोटन. फुलांत जास्वंद, अबोली, पेंटगूळ म्हणजे लाल इक्झोरा, उरलासुरला मोगरा आणि अनंत. अनंताचा वास सगळ्यांत गोड, पण त्याच्या पाकळीला बोट लागले की ती तपकिरी पडते. तो देठाला धरूनच हाताळावा. फळांत दोन-चार बिंबले आणि देठासकट अख्खी मिरची, ती न मोडता. नेचे आणि पाने अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवली तर संध्याकाळपर्यंत ताजी राहतात.

कृती

प्रथम माप. ज्याच्यासाठी कोपेल करायचे त्याच्या कपाळावरून, कानांच्या वरून सुतळी फिरवून डोक्याचा घेर घ्यावा. तुमच्या वयाच्या मुलांचा घेर साधारण ५० ते ५४ सेंटिमीटर भरतो. त्यात ३ ते ४ सेंटिमीटर वाढवावे, कारण आतल्या बाजूने दोर आणि देठ जागा खातात. मागच्या वर्षी अर्ध्या वर्गाची कोपेले डोक्यात शिरेनात, ती याच कारणाने.

समजा माप ५५ सेंटिमीटर आले. वेलीचे तीन फेरे घ्यायचे, म्हणजे १६५ सेंटिमीटर, आणि टोके खोचायला आणखी १५. एकूण १८० सेंटिमीटर वेल लागेल. पहिला फेरा मापाएवढा गोल धरा. दुसरा फेरा पहिल्याला पीळ देत न्या, तिसरा त्या दोघांच्या खाचेतून. टोके आत खोचा आणि चार ठिकाणी दोराने घट्ट बांधा. सातवीच्या मुलांनी येथे थांबून हिशेब करावा. घेर ५५ असेल तर व्यास किती? घेराला २२/७ ने भागा. उत्तर १७.५ सेंटिमीटर येते. पट्टीने आपले कडे मोजून पाहा आणि ते खरोखर गोल आहे की अंड्यासारखे झाले आहे ते ठरवा. डोके पुरते गोल नसतेच, त्यामुळे जरासे अंडाकृती झाले तर बिघडत नाही.

आता जुड्या. दोन पाने मागे आणि एक फूल पुढे, अशी छोटी जुडी करावी. देठ पाच-सहा सेंटिमीटर ठेवावे. सगळ्या जुड्या आधी करून ताटात मांडून ठेवाव्या. बांधायला बसल्यावर एका हाताने जुडी करणे होत नाही आणि मग घाई होते. प्रत्येक जुडी कड्यावर ३ सेंटिमीटर जागा घेते असे धरले, तर ५५ सेंटिमीटरला १८ जुड्या लागतात. दोन जास्त करून ठेवाव्या.

दोराचे एक टोक कड्याला गाठ मारून पक्के करावे. पहिली जुडी कड्यावर आडवी ठेवून तिच्या देठांवरून दोराचे तीन वेढे घ्यावे आणि ओढावे. दोर तोडायचा नाही. दुसरी जुडी अशी ठेवायची की तिची पाने पहिलीचे देठ झाकतील. पुन्हा तीन वेढे. सगळ्या जुड्यांची तोंडे एकाच दिशेला हवीत. एक जरी उलटी गेली तरी तिथे भोक दिसते आणि मागचे सगळे सोडवावे लागते. दोर संपत आला की नवा दोर जुन्याच्या टोकाला साध्या गाठीने जोडावा आणि गाठ बाहेरच्या बाजूला ठेवून पानाखाली दडवावी. आत राहिली तर कपाळाला टोचते.

कठीण जागा शेवटची. अठराव्या जुडीचे देठ पहिल्या जुडीच्या पानांखाली सरकवायचे असतात. त्यासाठी पहिली जुडी बोटाने हळूच उचलून धरावी, दोर तिच्याखालून न्यावा आणि दोनदा फिरवून गाठ मारावी. इथे दोघे असलेले बरे, एकाने उचलायचे, दुसऱ्याने बांधायचे. जास्वंद सर्वांत शेवटी खोचावी, कारण ती संध्याकाळी मिटते. बिंबले आणि मिरच्या समोर न लावता कानांच्या बाजूला लावाव्या. समोर लावल्या तर वजनाने कोपेल कपाळावर घसरते.

कोपेल पुरे झाल्यावर ते उलटे धरून हलवावे. जे पडायचे ते आताच पडेल.

ज्यांना डोक्यावरचे कोपेल नको, त्यांनी हीच पद्धत वापरून दारावरचे कडे करावे. व्यास ३० सेंटिमीटर धरला तर घेर ९४ सेंटिमीटर आणि जुड्या ३१. असे कडे दिवाळीच्या पाडव्याला झेंडू आणि आंब्याच्या पानांचे केले, तर तोरणासोबत छान दिसेल. त्या दिवशी घरात आई बाबांना ओवाळते. दाराची सजावट तेवढी तुमच्याकडे.

घुमटाविषयी दोन शब्द. गोव्याप्रमाणे आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही हे मातीचे वाद्य वाजवतात. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत. घोरपड आता कायद्याने संरक्षित आहे, म्हणून बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. शाळेत या दिवशी घुमट वाजेल. विहिरीत उडी मात्र कोणीही मारणार नाही. पावसात विहिरीचा काठ शेवाळलेला असतो, पाणी गढूळ झाल्याने तळ दिसत नाही, आणि मोठी माणसेही या सणाला बुडाल्याच्या बातम्या येतात. ज्या घरी हा सण आहे त्या घरच्या मोठ्यांनीही पोहणाऱ्या माणसाशिवाय आणि दोर तयार ठेवल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नये, ही विनंती. आपण शाळेच्या नळाखाली उभे राहून डोक्यावर तांब्याभर पाणी घेऊ. तेवढ्यानेही पुष्कळ हसू येते.

वापरून झालेले कोपेल विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये. तिकडे पोलंडात नदीत सोडत असतील, पण आपण त्या विहिरीचे पाणी पितो. तार नसल्याने सगळेच्या सगळे खतखड्ड्यात जाते.

सांजावच्या आदल्या दिवशी, २३ जूनला, दुपारच्या दोन तासिका या कामासाठी ठेवल्या आहेत. केळीचा दोर शाळेत तयार असेल. प्रत्येकाने एका वेलीचा तुकडा, पाने आणि फुले घेऊन यावे आणि पिशवी दारातच बाईंना उघडून दाखवावी. दाखवल्याशिवाय कोणाचीही पिशवी वर्गात येणार नाही. कात्री शाळेचीच वापरायची. मागच्या वर्षी ज्या मुलीला पहिला नंबर दिला होता, ती आता सातवीत आहे. तिने घरच्या आवारातल्या तेवीस झाडांची पाने जुन्या वहीत वाळवून, चिकटवून, विषारी पानांखाली लाल रेघ ओढून आणली आहे. ती वही दाराशी बाईंच्या टेबलावर असेल आणि पिशव्या तपासायला ती स्वतः बाईंसोबत बसणार आहे.